दुसऱ्याच्या वावरातली पाखरं

शांते, मी नागपूरला निघाले त्या सकाळी बाबा फाट्यापर्यंत आले खरे, पण बस येईपर्यंत थांबले नाहीत. आई डोळे पुसत होती, तू धाकटी म्हणून माझी ट्रंक धरून उभी होतीस. काटोलकडून येणाऱ्या बसची धूळ अजून दिसायची होती. एवढ्यात भोरड्यांचा थवा आपल्या ज्वारीवर उतरला. ‘पाखरं बसली वं. तू जाय,’ बाबा म्हणाले आणि धोतर सावरत धुऱ्याच्या बांधावरून पळत सुटले. टेलिफोन खात्यात लागलेली गावातली पहिली मुलगी मी, पण बसमध्ये चढताना मला ऐकू आली ती फक्त त्यांची लांबून येणारी आरोळी, हाऽऽ होऽऽ! मला राग आला नाही. कणसं दाण्यावर आली होती. त्यांच्या जागी मीही पळालेच असते.

आपल्याकडे पाखरू म्हणजे चोर. राघू संत्री टोकरणार, भोरड्या ज्वारी लुटणार, आणि आपण दोघी थंडीभर मचाणावर गोफण घेऊन बसणार. वावर कोणाचंही असो, अगदी भांडण असलेल्या भाऊबंदाचं का असेना, पाखरं उतरलेली दिसली की वाटसरूने ओरडून, ढेकूळ फेकून ती उठवायची आणि मगच पुढे जायचं. न उठवता जाणारा माणूस एक तर परक्या मुलखातला, नाही तर शिष्ट.

नागपुरात मी आत्याकडे राहिले, नंदनवनला. तेव्हा चार घरं संपली की शेतंच लागायची. दिवसभर कानाला हेडफोन आणि तोंडात ‘नंबर प्लीज’. आमच्या बोर्डावरच्या सीनिअर ऑपरेटर वसुधाबाई मूळच्या नागपूरच्याच, महाल या जुन्या वस्तीतल्या. त्यांच्याकडे दुर्बीण होती आणि हिवाळ्यात रविवारी सकाळी पक्षी बघत हिंडायचा नाद होता. सोबतीला म्हणून मला घेऊन गेल्या, हुडकेश्वरच्या बाजूला. एका वावरावर भोरड्यांचा मोठा थवा उतरला. बाईंनी दुर्बीण डोळ्याला लावली, आणि मी काही कळायच्या आत हाऽऽ होऽऽ करून ढेकूळ भिरकावलं. सगळं आभाळ काळं झालं आणि मग मोकळं. बाईंनी दुर्बीण खाली घेतली. ‘अगं, त्यांनाच बघायला आलो ना आपण?’ मी ओशाळले, आणि बाई इतक्या हसल्या की त्यांना बांधावर बसावं लागलं.

हळूहळू मी गप्प उभी राहायला शिकले. तळ्याकाठी शेपूट हलवत फिरणारा पांढरा धोबी, चिखलात चोच फिरवणारी थापटी बदकं. भोरडीच्या डोक्यावर तुरा असतो, हे मला त्या दुर्बिणीतून कळलं. आयुष्यभर जिला हाकललं, तिच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. ती डोंगरांपलीकडून, परदेशातून येते आणि उन्हाळ्याआधी परत जाते, असं बाई सांगत. त्या त्यांना हिवाळी पाहुणे म्हणत. हा शब्द मला आधी फार श्रीमंती वाटला, मग त्याची सवय झाली.

काही वर्षांनी बाबा संत्री घेऊन नागपूरच्या बाजारात आले आणि मुक्कामी राहिले. कशासाठी, ते मला ठाऊक होतं. आपल्याला भाऊ नाही. त्यांनी पलीकडच्या गावचा एक मुलगा पाहिला होता, घरजावई व्हायला राजी असलेला. मी नोकरी सोडून परत यायचं, त्याने वावर करायचं. मला जायचं नव्हतं, पण त्यांच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमतही होत नव्हती. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. रविवारी सकाळी म्हणाले, ‘चाल, तुह्या पाखरायकडे.’

एका वावरात भोरड्या तुटून पडल्या होत्या, राखणीला कोणी नव्हतं. मी सवयीने थबकले आणि हळू आवाजात त्यांना सांगू लागले, त्या किती लांबून येतात, कशा जातात. बाबा पाखरांकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.

‘कोनाचं वावर होय हे?’

‘माहीत नाही बाबा.’

‘खाऊन राहिली ना वं पाखरं.’

‘खातील थोडं.’

बाबांनी वाकून ढेकूळ उचललं, दोनदा ओरडले, थवा उठवला. हात धोतराला पुसले. परतीच्या वाटेवर म्हणाले, ‘तू आता नाई येत वं वापस. त्या पोराले मी सांगून देतो.’ आवाजात राग नव्हता. मला एकदम हलकं वाटलं, आणि घरी येऊन आत्याच्या न्हाणीघरात मी पोटभर रडले.

तेच स्थळ पुढे तुझ्या पदरात पडलं. तुमचं बरं चाललंय, त्या बाबतीत मला कसलीही रुखरुख नाही. तुझा नवरा तसाही माझ्यासमोर टिकला नसता! वावराची मात्र रुखरुख आहे. बाबा गेले. नंदनवनात आता घराला घर लागलंय, पाखरं बघायला पार पुढे जावं लागतं. गावी आले की तू मला पाटावर बसवतेस, ताट उचलू देत नाहीस. ‘दोन दिसाले तं आली, बस वं ताई.’ इथले लोक मला काटोलवाली म्हणतात, तिथले नागपूरवाली. दोघांचंही चूक नाही. गाव सोडलेल्या बहुतेकांचं असंच होत असावं, म्हणून मी त्यावर फार डोकं चालवत नाही.

पण गेल्या माघात ट्रंक कॉलच्या बोर्डावर काटोलची ऑपरेटर लाइनवर आली आणि बोलता बोलता म्हणाली, सकाळी गारा पडल्या, संत्र्यांचा सडा झालाय. कोण्या व्यापाऱ्याचा कॉल जोडायचा होता, तो तसाच ठेवून मी विचारलं, ‘कोणत्या बाजूला?’ तिने आपल्याच गावाची बाजू सांगितली. ‘नक्की तिकडेच ना?’ मी म्हणाले. मग तिने हळू आवाजात विचारलं, ‘काहून वं बाई, तुमचं वावर हाये का तिकडं?’

शांते, वावर तुझ्या नावावर आहे. बाबांनी ते माझ्यादेखत, माझ्या संमतीने केलं, आणि मला त्यातलं काही मागायचं नाही.

मी म्हटलं, ‘हो, माझं आहे.’