गेह्वामावशीचा कान

यांग गेह्वामावशी आमच्या पाणबुड्या बायकांची म्होरकी. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, वाळक्या लाकडासारखी काटक आणि तोंडाने महाफटकळ. पाण्यात उतरण्याआधी आम्ही शेकोटीभोवती बसतो, तेव्हा तिने कुणाला "बरी आहेस ना?" म्हणून कधी विचारलं नाही.

"विचारून काय उपयोग? तुम्ही सगळ्या बऱ्याच असता!" म्हणायची.

ती ऐकायची ती शीळ. तळाशी शंखशिंपले खरवडून वर आलं की कोंडलेला श्वास ओठांतून शीळ घालत सुटतो. प्रत्येकीची शीळ वेगळी. गेल्या वसंतात सुगिम वर आली आणि मावशी ओरडली, "हो बाहेर! आत्ताच्या आत्ता!"

"मला काही झालेलं नाही!" सुगिमने आकांडतांडव केलं, मावशीला म्हातारी चेटकीण म्हणाली. आठवडाभराने डॉक्टरांनी सांगितलं, हृदय कमजोर आहे, पुन्हा बुडी मारलीस तर जिवाला मुकशील.

आणि या शरद ऋतूत मावशीचीच शीळ मधेच तुटायला लागली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, पण सांगणार कोण? मेली भित्री जात आमची! तेराव्या वर्षापासून ती पाण्यात आहे. पाणी सुटलं तर ही बाई जगेल कशी, याचीच मला धास्ती.

एके सकाळी शेकोटीपाशी तिने मलाच धरलं. "माझी शीळ कशी आहे गं?"

"ठणठणीत," मी म्हणाले.

"पुन्हा म्हण."

"अगदी ठणठणीत आहे, मावशी. तू तर आम्हा सगळ्यांना पुरून उरशील." आणि मधेच माझा श्वास अडकला.

मावशी डोळे मिटून ऐकत होती. मग कपाळावरचा पाणचष्मा काढून तिने माझ्या मांडीवर ठेवला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "रडू नकोस, गाढवे. तुझ्या शब्दांकडे कोण बघतंय?"

त्या दिवशी मी तिचा चष्मा लावून उतरले. पहिल्यांदा वर आले तेव्हा ती काठावरच्या खडकावर बसली होती, पाय पाण्यात सोडून. माझी शीळ निघाली. तिने कान दिला.

"हं," म्हणाली. "जा खाली."