मॉरिसमधलं खारं पाणी

आमच्या मुर्धा गावात आत्मारामदादाची मॉरिस गाडी ओळखत नाही असं माणूस नव्हतं. छपन्न सालची, काळी, बेडकासारख्या वटारलेल्या दिव्यांची. मिठागराचा शेठ गाव सोडून गेला तेव्हा आपल्या ड्रायव्हरला, म्हणजे दादाला, देऊन गेला. तेव्हापासून दर रविवारी दादा हँडल मारून ती चालू करायचा आणि उत्तनपर्यंत फिरवून आणायचा. बाजूच्या शीटवर त्याची बायको, विमलावयनी, अंबाड्यात अबोली. मीरा रोडचा कौस्तुभ नावाचा जुन्या गाड्यांचा वेडा कॅमेरा घेऊन यायचा, तर दादा त्याला म्हणायचा, "नुसते गारीचा नको, आमचे दोघांचा काढ."

गाडीच्या रेडिएटरमध्ये पाणी भरायचं काम वयनीचं. दर शनिवारी नळाचं पाणी, फडक्यातून गाळून, कळशीनं. वैशाखात आमच्या विहिरी खाऱ्या होतात, म्हणून विहिरीचा थेंब चालायचा नाही. तीस वर्षांचा नेम.

२००३च्या मे अखेरीला मी गाडी मागितली. उत्तनला मित्राच्या हळदीत मिरवायचं होतं, दुसरं काय! दादानं कधी कुणाला न दिलेली चावी मला, शेजारच्या पोराला, दिली. मिरवून परत येताना मोर्वा गावाच्या अलीकडे इंजिन तापलं, वाफा निघाल्या. गाव दहा मिनिटांवर होतं. पण उन्हात चालायचा मला कंटाळा. कडेला मिठागराचा पाट होता. गाडी निवल्यावर डबा बुडवला आणि तेच पाणी ओतलं.

"कशी चालली?" दादानं विचारलं.

"झकास!"

उद्या येऊन पाणी बदलू, मनात म्हटलं. मग त्याच आठवड्यात पाऊस लागला, गाडी चार महिने ताडपत्रीखाली गेली. विसरलो असं म्हणायची सोय नाही. टाळलं मी.

दसऱ्याला पूजा करून दादानं गाडी चालू केली, तर रेडिएटर चाळणीसारखा गळायला लागला. लाल, गंजकं पाणी. दादानं बोट बुडवून चाखलं.

"खारा हाय. विमल, हिरीचा घातलास?"

"नलाचाच घातला मी. देवाची आन."

"मंग आपोआप खारा झाला? आजपासून गारीला हात लावू नको."

झेंडूची माळ हातात घेऊन मी तिथेच उभा होतो.

दोन वर्षांनी कौस्तुभनं कुठूनसा जुना रेडिएटर शोधून आणला. पुन्हा दसरा, पुन्हा माळ. दादानं दार उघडून धरलं. "बस, विमल."

"नको रं बाबा. माजा हात लागंल, परत रेडिएटर सरंल."

तेव्हा मी बोललो. डबा, पाट, कंटाळा, सगळं. दादानं शिवी पण दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. त्यानं भरलेली कळशी वयनीपुढे धरली.

वयनीनं ती घेऊन माझ्या हातात कोंबली. "ज्यानं खारा घातला, तोच भरंल आता." मग दादाकडे वळली. "यानं लपवलान, तो परका हाय. तुना तीस वरसांत माजा हात ओलकला न्हाय?"

आता दर शनिवारी नळाचं पाणी मी भरतो, फडक्यातून गाळून. रविवारी दादा मला बळंच नेतो. मी मागे बसतो. बाजूची वयनीची शीट अजून रिकामी असते.