उन्हाकडची बाजू

डावीकडून बघणारे तिला मावशी म्हणत आणि उजवीकडून बघणारे आजी. बाई एकच, तोंडही एकच, पण त्याचे दोन भाग जणू वेगवेगळ्या साली जन्माला आले होते. शाळेच्या व्हॅनमध्ये तिच्या शेजारच्या सीटवर बसायला पोरांची रोज झटापट व्हायची आणि तिथे जो बसेल त्याला ती मावशीच वाटायची. पालक मात्र यायचे ते तिच्या खिडकीशी, म्हणजे उजवीकडे, आणि काचेशी वाकून सांगायचे, "आजी, उद्या आमची येणार नाही हं." तिच्या मुलाला अजून मूलबाळ नव्हतं, पण निम्म्या गावाने तिला आजी करून टाकलं होतं.

यात गूढ काही नव्हतं. तिशी गाठायच्या आत तिने व्हॅनचं चाक हातात घेतलं, ते अजून सोडलं नव्हतं. सकाळी जाताना ऊन खिडकीतून यायचं आणि दुपारी मुलांना सोडून परतताना रस्ता वळला की पुन्हा त्याच खिडकीतून. डावा गाल सावलीत राहिला आणि उजवा भाजत राहिला. त्यात एकदा एका स्कूटरवाल्याने तिचा बाहेरचा आरसा उडवला होता. त्याची एक काच गालात घुसली, चार टाके पडले आणि त्या जागी एक वेडीवाकडी रेघ राहिली. पुढे सुरकुत्यांनी ती रेघ आपल्यात ओढून घेतली, तेव्हा उजवीकडून मावशी जरा भीतिदायकच दिसायला लागली.

इतकी वर्षं तिने हे हसण्यावारी नेलं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण यंदा सोनेरी चष्म्याची एक नवी पालक आली. तिची मुलगी पहिलीत. ती बाई तीन-चार वेळा खिडकीशी येऊन नीट बघून गेली आणि मग तिने शाळेत तक्रार केली, की आमच्या मुलांची गाडी सत्तरीची म्हातारी चालवते, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मुख्याध्यापक सज्जन माणूस, पण कुठलीही गोष्ट स्वतः ठरवायची म्हटलं की त्यांची पाचावर धारण बसायची. ते म्हणाले, पुढच्या वर्षीचा करार द्यायचा की नाही, ते पालकांच्या बैठकीत बघू. बैठकीला अडीच महिने होते.

तर मावशीचं डोकं फिरलं ते असं. व्हॅन गेली असती तर घर उपाशी पडलं नसतं. मुलगा कमावता होता, सून कमावती होती. पण व्हॅन गेल्यावर सकाळी उठून करायचं काय, या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं आणि ते शोधायची तिची तयारीही नव्हती. तिने ठरवलं, भांडण गालाचं आहे ना, मग गालच दुरुस्त करून घेऊ.

त्वचेची डॉक्टरीण तरुण होती आणि घाईत नव्हती, हे मावशीला आवडलं. तिने दिव्याखाली गाल पाहिला आणि सांगितलं, की लेझरचे मुख्य प्रकार दोन. एक वरची सालच काढतो. आठ-दहा दिवस गाल ओला, चिघळल्यासारखा राहतो, मग कित्येक आठवडे लाल. सुरकुत्या आणि व्रण बऱ्यापैकी कमी होतात, पण निदान तीन महिने उन्हाचं नाव काढायचं नाही. शिवाय सावळ्या कातडीवर काळे डाग उठायची भीती. दुसरा प्रकार साल तशीच ठेवून आतून ऊब देतो. दोन-चार दिवसांची लाली, लगेच कामावर. पण महिन्या-महिन्याच्या अंतराने चार-पाच वेळा यायचं, आणि फरक पडतो तो सावकाश आणि बेताचा.

मावशीने विचारलं, तीन महिने ऊन नाही म्हणजे गाडी नाही का. डॉक्टरीण म्हणाली, त्या खिडकीत तर नाहीच.

मावशीने हिशोब मांडला. गाडी टिकवायची तर गाल हवा, चांगला गाल हवा तर गाडी सोडायची. आणि गाडी न सोडता जो गाल मिळणार, तो मिळेपर्यंत बैठक होऊन गेलेली असणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिने डॉक्टरिणीला विचारलं, की अर्धा असा, अर्धा तसा नाही का करता येत? डॉक्टरीण म्हणाली, येतो की, डोळ्याखाली एक आणि गालावर दुसरा असं कधीकधी करतात. हे ऐकून मावशीच्या कपाळाला आठी पडली, कारण तिला दोनातून एक निवडायचं होतं आणि आता तीन झाले होते.

घरी तर प्रत्येक जण डॉक्टर. मुलाने मोबाईलवर आधीच्या-नंतरच्या फोटोंची रांग लावली आणि म्हणाला, करायचंच तर जोरदार कर, आई. सुट्टीत कर. तिने सांगितलं की सुट्टी बैठकीनंतर आहे. तो म्हणाला, मग रजा घे. रजा घेऊन गाडी वाचवायची, हे शहाणपण ऐकून तिने हातातली चमची जोरात ताटलीत टाकली. सून म्हणाली, काहीच करू नका, तुम्ही छान दिसता. ती जेवायला सासूच्या डावीकडे, सासऱ्यांच्या पलीकडे बसली होती. मावशीच्या नणंदेने फोनवर आपल्या शेजारणीच्या गालावर उठलेला डाग असा रंगवून सांगितला, की तो डाग अख्ख्या वस्तीत फिरून आला असावा. तरी शेवटी तिचा सल्ला असा, की कर, पण जपून कर.

आणि नवरा. नवरा छापखान्यात यंत्रांशेजारी आयुष्य घालवून निवृत्त झालेला, डाव्या कानाने ठार बहिरा, उजव्याने जवळचं तेवढंच ऐकू येणारा. त्यामुळे तो नेहमी बायकोच्या डाव्या हाताला बसायचा, म्हणजे त्याचा चांगला कान तिच्याकडे राहायचा. जेवताना तसंच, सोफ्यावर तसंच, चालताना आणि झोपतानाही तसंच. तिने त्याला विचारलं, की मी काय करू? तो तिच्याकडे बघून म्हणाला, "कुठे आहेत सुरकुत्या? उगीच काहीतरी." तिला वाटलं, म्हातारा अंग काढून घेतोय. दोन दिवस ती त्याच्याशी धड बोलली नाही आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही, हे आणखी वाईट.

शेवटी निवड तिने केली नाही, कातडीनेच केली. डॉक्टरिणीने आधी कानाजवळ टिकलीएवढ्या जागी साल काढणारा लेझर मारून बघितला आणि म्हणाली, थांबू. महिनाभराने त्या जागी पिकल्या जांभळाच्या रंगाचा ठिपका उमटला. डॉक्टरीण म्हणाली, हा जाईल हळूहळू, पण तुमच्या गालाला तो प्रकार नको. सौम्यच करू. मावशीने सुटकेचा श्वास टाकला आणि लगेच पुन्हा चिडली, कारण आता सुरकुत्या, व्रण आणि वर एक ठिपका अशी भर पडली होती. आगीतून फुफाट्यात.

सौम्य लेझरची पहिली पाळी बैठकीच्या दोन आठवडे आधी होती. पण मुख्याध्यापकांना कुठल्याशा समारंभाला जायचं होतं, म्हणून त्यांनी बैठकच अलीकडे ओढली, आणि तेही मावशीचा गाल भाजून झाल्यावर कळवलं. बैठक उद्या, आणि उजवा गाल टोमॅटोसारखा लाल.

संध्याकाळी गालाला थंड मलम लावायचं होतं. आरशात बघून लावायला गेली तर हात भलतीकडेच जायचा. सून अजून कामावरून आली नव्हती. तिने नाइलाजाने नवऱ्याच्या हातात ट्यूब दिली, खुर्ची खिडकीशी ओढली आणि उजवा गाल त्याच्यापुढे केला. त्याने चष्मा लावला. बोटावर मलम घेतलं आणि ते बोट तसंच अधांतरी राहिलं.

"हे कधी झालं?" त्याने विचारलं.

"लाली काल. बाकीचं तुम्ही छापखान्यात होतात तेव्हापासून."

त्याने बोट रेघेवरून, सुरकुत्यांवरून इतकं हलकं फिरवलं, की तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "मला कधी बोलली नाहीस."

"त्यात बोलायचं काय? तोंड माझं असलं तरी दिसायचं तुम्हाला होतं."

तो बराच वेळ मलम लावत राहिला. लावून झालं तरी लावत राहिला. मग ट्यूबचं टोपण फिरवत म्हणाला, "म्हणजे मी इतकी वर्षं सावलीत बसून होतो."

तिचा राग होता तो राहिला, पण आता तो कुणावर काढायचा ते समजेना. तिने त्याच्या हातातून ट्यूब घेतली आणि जेवायला वाढायला गेली.

दुसऱ्या दिवशी बैठकीला जाताना तिने बेत केला होता. उजव्या भिंतीला लागून बसायचं, म्हणजे लोकांना दिसेल तो डावाच गाल. वर्गात गेली तर भिंतीला लागून सोनेरी चष्मा बसलेला. मागच्या रांगा भरलेल्या. मावशी चरफडत मधल्या बाकावर बसली आणि मान डावीकडेच वळवून, फळ्याऐवजी दाराकडे बघत राहिली. बरोबर आलेला नवरा डावीकडे बसला होता. तो उठला, तिच्या पायांपुढून आडवा गेला आणि उजवीकडे, तिच्या आणि सोनेरी चष्म्याच्या मध्ये येऊन बसला.

"तिकडे कशाला?" ती पुटपुटली. मग लक्षात आलं, की आता तिच्याकडे त्याचा बहिरा कान आहे. तिने त्याच्या कोपराला धरून हलवलं आणि जरा मोठ्याने सांगितलं, की इथे तुम्हाला काही ऐकू येणार नाही.

"मला काय ऐकायचंय," तो म्हणाला. "तू आहेस ना."

मुख्याध्यापकांनी विषय काढला. घसा साफ केला, सुरक्षेबद्दल बोलले, वयाबद्दल मोघम बोलले. एका वडिलांनी विचारलं, की गाडी चालवणाऱ्यांना वयाची अट काय? साठ, असं उत्तर आलं. मग सगळे तिच्याकडे बघू लागले. मावशीला उभं राहावं लागलं, आणि उभं राहिल्यावर गाल कुणाच्या आड लपत नाही.

"मी सत्तावन्न वर्षांची आहे," ती म्हणाली. "हा गाल उन्हाने म्हातारा झालाय. डोळे आणि हात नाही झाले. पट्टा लावल्याशिवाय माझ्या गाडीत एक पोर बसत नाही. कुणालाही विचारा."

सोनेरी चष्मा नवऱ्याच्या पलीकडून वाकून बघत होता. "सत्तावन्न?" ती बाई म्हणाली. "मला वाटलं..." आणि तिने पुढचं गिळलं. मुख्याध्यापक म्हणाले, की हो, कागदात तसंच आहे. म्हणजे यांना ठाऊक होतं. एवढं एक वाक्य त्यांनी दोन महिन्यांपूर्वी उच्चारलं असतं, तर तिच्या गालाला चटका बसला नसता आणि कानाशी ठिपका उठला नसता. मावशीला वाटलं, हातातली पर्स त्यांच्या टेबलावर आपटावी. तिने ती घट्ट धरून ठेवली. दरवर्षी डोळे तपासून दाखवायचे, या बोलीवर करार पुढे चालू राहिला. कुणी हात वर केले, कुणी नुसत्या माना हलवल्या.

ती खाली बसली. नवरा समोर फळ्याकडे बघत होता, चेहरा उतरलेला, हात गुडघ्यांत दाबलेले. त्याला यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं. बायको उभी राहिली, काही हात वर झाले आणि ती परत बसली, एवढंच त्याला दिसलं होतं.

"मिळालं," ती हळूच म्हणाली. तो फळ्याकडेच बघत राहिला. तिने पुन्हा सांगितलं, तरी तसाच. तेव्हा मावशी वैतागून पूर्ण वळली. लाल गाल, रेघ, ठिपका, सगळं वर्गासमोर झालं, आणि तिने तो चेहरा त्याच्या चेहऱ्यापुढे नेऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मिळालं, अहो. गाडी आपलीच राहिली."

त्याने तिच्याकडे बघितलं. "बरं झालं," तो म्हणाला, आणि मग सगळ्यांच्या देखत खिशातून मलमाची ट्यूब काढून टोपण फिरवू लागला.