वाघदेवाजवळ बंद पडलेली मोटार

देवाचे नाव घेऊन मोटार सुरू होत नाही, असे मी लोकांना फटकन सांगत असे. जव्हार दरबारच्या जुन्या मोटारीवर मी ड्रायव्हर होतो आणि तिच्या दुखण्यांत देवाला मध्ये आणायची मला गरज वाटत नसे. पण मोखाड्याला माहेरी गेलेली माझी पत्नी बाळंतपणात अडली, सुईणीने हात टेकले, आणि तिला जव्हारच्या दवाखान्यात आणण्यासाठी दरबाराने मला तीच मोटार दिली, तेव्हा मी फार घाबरलो होतो.

तिला घेऊन परतताना घाटात मोटार बंद पडली. वीज कुठेतरी मधेच गळत होती. मी पुढचे झाकण उघडून एकेक तार चाचपली, जोड घट्ट केले, हँडल मारले. मोटार ढिम्म. मागच्या सीटवर पत्नी सासूबाईंच्या मांडीवर डोके ठेवून कण्हत होती.

रस्त्याकडेला शेंदूर फासलेला वाघदेवाचा दगड होता. त्याच्याजवळ लाकडांची मोळी टेकवून बसलेली एक म्हातारी उठून आली.

"पोरीला खाली उतरव रं. देवापुढं घडीभर बसू दे तिला."

"आजी, ती कशी उतरेल? दिसत नाही का?" मी खेकसलो.

पण पत्नीच म्हणाली, "अहो, उतरवा मला. इथे जीव घुसमटतोय."

म्हातारीने आणि सासूबाईंनी तिला धरून सावलीत नेले. मी रागारागाने हँडल मारले, आणि इंजिन सुरू झाले! घाईघाईने पत्नीला आणि सासूबाईंना परत बसवले, तर त्या टेकताच ते बंद. देव कोपला म्हणून सासूबाई रडू लागल्या. माझेही अवसान गळाले. मी त्या दगडापुढे डोके ठेवून म्हणालो, "मला काही सुचत नाही. आता तूच बघ."

उठलो तेव्हा मन विलक्षण शांत होते. बसल्या की बंद, उतरल्या की सुरू. त्यांना पुन्हा उतरवून मी सीट उचलली. खाली बॅटरीच्या तारेवरचे वेष्टण झिजले होते. वर वजन आले की सीटची स्प्रिंग उघड्या तारेला टेकत होती. उतारूंना अदबीने खाली उतरवूनच मोटार तपासायची माझी सवय, त्यामुळे वजन पडल्यावरच दिसणारा हा दोष मला आजवर सापडलाच नव्हता. म्हातारीने पदराची चिंधी फाडून दिली. ती गुंडाळून मी तार बाजूला बांधली, आणि आम्ही जव्हार गाठले.

यात चमत्कार कसला, असे कुणी म्हटले तर मी वाद घालत नाही. मी हात टेकले आणि मला वाट दाखवली गेली, एवढेच मला ठाऊक आहे.

दवाखान्यात मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. मला आत बोलावून सासूबाई बाळ पुढे करू लागल्या, तेव्हा मी मागे सरलो. "थांबा, हात तेलाने काळे झालेत. धुऊन येतो."

पत्नी थकलेल्या आवाजात हसली. "घ्या हो तिला. देव काय तुम्ही हात धुवायची वाट बघत थांबला होता?"

मी तशाच हातांनी लेकीला घेतले आणि ढसाढसा रडलो.