पडद्याबाहेरचा हात

नंदुरबारला आमच्या घरात सुनांना पडदा होता. परका पुरुष, मग तो डॉक्टर का असेना, त्याला सुनेचा फक्त हात दिसायचा, तोही पडद्याच्या फटीतून. थोरल्या जावेचं तोंड आणि पाय सुजले तेव्हा डॉक्टरांनी तिची नाडी अशीच पाहिली. म्हणाले, "मूत्रपिंडांचा संशय येतो. रक्त काढून सुरतेला तपासायला पाठवू."

सुईचं नाव काढताच जाऊ पांढरीफटक पडली. त्यात आपलं रक्त परमुलखात जाणार, तिथे कुणी त्यावर करणी केली तर? तिनं माझ्या कानाशी तोंड आणलं. "तू दे ना वं बहीन. तुन्हं रगत तेच मन्हं रगत."

आणि मी मोठी शहाणी, दिला हात बाहेर काढून. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण तिनं त्या दिवशी केलं तेवढं कौतुक माझं त्या घरात कुणी केलं नव्हतं. डॉक्टरांना काही कळलं नाही.

आठ दिवसांनी सुरतेचा कागद आला. डॉक्टर ओसरीवर सासऱ्यांना समजावून सांगत होते आणि आम्ही दोघी पडद्याआड उभ्या होतो. "अंगातली घाण मूत्रपिंडं गाळतात आणि लघवीवाटे टाकतात. त्यातलाच एक युरिया. रक्तात तो थोडा असतोच, पण इथे फार साचलाय. म्हणजे मूत्रपिंडं नीट गाळत नाहीत. मीठ बंद करा, डाळी कमी करा. हयगय केलीत तर बाई हाताला लागायच्या नाहीत."

बाहेर सासूबाईंनी थोरल्या सुनेसाठी हंबरडा फोडला. पण ते रक्त तर माझं होतं. रोज सकाळी माझे डोळे सुजायचे आणि मी चुलीच्या धुराला बोल लावायची.

मरणाची भीती वाटली, खोटं कशाला सांगू? पण माहेरी धाडतील याची त्याहून जास्त वाटली. मूलबाळ नाही, त्यात दुखणेकरी. मी जावेच्या तोंडावर हात दाबला. "जिजी, बोलू नका. तुम्हना पाय पडस."

ती बोलली असती तर फसवल्याचा ठपका तिच्यावरच येणार होता. सासरे नुसते खाकरले तरी ती थरथरायची. पण तिनं माझा हात बाजूला केला, पडदा सारला आणि सुजलेल्या उघड्या तोंडानं मला ओढत ओसरीवर नेलं. "ते रगत मन्हं नही, इन्हं शे. आधी इले दखा."

सासूबाईंचं रडणं थांबलं. त्यांनी पदरानं डोळे पुसले, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि सासऱ्यांकडे वळल्या.

"इना बापले निरोप धाडा," त्या म्हणाल्या.