साडूंचं कॉलेज

माणसं शाळा सोडतात, हा जगाचा नियम आहे. माझ्या धाकट्या साडूंनी तो मोडला. बारावी होऊन त्यांना एक जमाना झाला, टक्कल पडलं, मुलगी बंगळूरला नोकरीला लागली, तरी गृहस्थ अजून शाळेतच आहेत. पगार त्यांना पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी देते आणि बायको माझ्या सासऱ्यांनी दिली. बाकी त्यांच्यापाशी जे काही आहे ते लखनौच्या इंदिरा नगरातल्या त्यांच्या सरकारी शाळेनं दिलेलं आहे, असं ते सांगतात, आणि ऐकणाऱ्याला चहा पाजून पुन्हा सांगतात. मी त्यांच्याविषयी प्रेमानंच लिहायला बसलो आहे. पण या प्रेमात हेवा कालवलेला आहे आणि हेव्याचा हात जरा सढळ पडला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

या हेव्याची सुरुवात त्यांच्या लग्नापासूनची. साडूंचे वडील नागपूरचे, लखनौच्या औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ म्हणून आले आणि तिथलेच झाले. मेहुणीसाठी हे स्थळ आलं तेव्हा मध्यस्थानं सांगलीला माझ्या सासऱ्यांना सांगितलं, "मुलगा सहावीपासून कॉलेजात होता." मध्यस्थ खोटं बोलत नव्हता. उत्तर प्रदेशात सहावी ते बारावीच्या शाळेला 'इंटर कॉलेज' म्हणतात, फाटकावर तसं लिहिलेलंही असतं. पण सांगलीत हे कोणाला ठाऊक? सासऱ्यांनी ती बातमी गल्लीभर केली. तोवर मी एकुलता एक जावई, बी.कॉम. फर्स्ट क्लास, बँकेतला. माझ्या पुरणपोळीवर तूप पडे ते पोळी दिसेनाशी होईपर्यंत. त्या दिवशी जेवताना सासरे मला म्हणाले, "तुम्ही कॉलेजात कधी गेलात हो?" "अकरावीला," मी म्हणालो. "हं. उशीरच झाला म्हणायचा," ते म्हणाले, आणि तुपाची वाटी माझ्या ताटावरून तशीच पुढं गेली. नंतर खरा प्रकार उलगडला, पण सासऱ्यांनी मत बदललं नाही. धाकट्यांचा पाया पक्का, असंच ते अखेरपर्यंत म्हणत राहिले.

पुढे बँकेनं मला लखनौला पाठवलं. जानकीपुरमला घर घेऊन दिलं ते साडूंनीच, गॅसची सोयही त्यांनीच केली. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, "इथं दर दुसऱ्या भिंतीवर 'दाखिला शुरू है' असं रंगवलंय. एवढी मुलं एकदम शाळा का सोडतायत?" साडू स्कूटर थांबवून रस्त्याच्या कडेला हसत बसले. "अरे दादा, यार, दाखिला म्हणजे ॲडमिशन! आपला मराठीतला दाखला शाळा सोडायचा, इथला दाखिला शाळेत शिरायचा. तुम्ही उलटं समजून राहिले." मीही हसलो, पण मनात आले ते माझे दाखले. माझे वडील एस.टी.त कंट्रोलर होते. फलटण, जत, बार्शी, अकलूज, पुन्हा जत, असं करत आमची वरात गावोगाव फिरली. ज्या शाळेत मुलं मला नावानं हाक मारू लागत, तिथून त्याच महिन्यात आमचा ट्रक निघे. प्रत्येक शाळेत मी 'नवीन मुलगा' होतो आणि प्रत्येक शाळेनं मला शाळा सोडल्याचा दाखला दिला. त्या सगळ्या दाखल्यांवर 'वर्तणूक: चांगली' असं एकाच छापाचं लिहिलेलं आहे. ज्या मुलाला कोणी ओळखत नाही, त्याची वर्तणूक नेहमी चांगलीच असते.

म्हणून साडूंच्या पगाराचा मला हेवा वाटत नाही, की त्यांच्या मोठ्या घराचा नाही. मला हवी ती त्यांची शाळा. निदान एखादी तरी. पण ते आपले दिवसरात्र ती माझ्या डोळ्यांसमोर नाचवत असतात. त्यांनी घर घेतलं ते शाळेची घंटा ऐकू येईल एवढ्या अंतरावर. माझ्या शेजारी चांगला ऐसपैस फ्लॅट मिळत होता, तो त्यांनी गच्चीवर उभं राहून कान देऊन पाहिला आणि नाकारला. "सब बढ़िया आहे दादा, पण इथं घंटा कुठं ऐकू येते?" ही घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, कडुलिंबाला टांगलेला. मधल्या सुट्टीच्या घंटेच्या वेळी ते अजून रविवार सोडून रोज डबा उघडतात, मग ऑफिसात मीटिंग चालू असली तरी. घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, पण पाणी पितात ते नळाखाली ओंजळ धरून, कारण शाळेच्या टाकीवर असंच प्यायचे. लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांना उंचीप्रमाणे उभं करण्याचा त्यांचा एक प्रयत्न मेहुणीनं वेळीच हाणून पाडला.

शाळेचा इतिहास सांगताना तर ते स्वतः जन्मायच्या आधीच्या गोष्टीही डोळ्यांनी पाहिल्यासारख्या सांगतात. तेव्हा म्हणे इंदिरा नगर नव्हतंच, मोहरीची शेतं होती. शाळा दोन तंबूंत भरायची. पहिले प्रिन्सिपल स्वतः दोरी धरून मैदान आखत होते आणि दोरीचं दुसरं टोक सातवीतल्या मुलाच्या हातात होतं. ती जमीन पूर्वी कुरणाची, त्यामुळे एक म्हैस जुन्या सवयीनं रोज दुपारी यायची आणि सातवी 'ब'च्या तंबूत बसायची. मुलं हाकलायला लागली तेव्हा प्रिन्सिपल म्हणाले, "रहने दो, हाज़िरी तुम सबसे अच्छी है इसकी." ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे, की मधे साडू पाणी प्यायला थांबले तर पुढची मी सांगतो. आणि दर वेळी मनात येतं, त्या शाळेत म्हशीलासुद्धा जागा होती.

एकदा साडू आणि मी दोघी बहिणींना घेऊन अमीनाबादच्या बाजारात चिकनच्या, म्हणजे लखनवी भरतकामाच्या, साड्या घ्यायला गेलो. गर्दीत रिक्षा अडकली म्हणून उतरून चालू लागलो, तर एका दुकानातून कोणीतरी ओरडलं, "ओए मराठे!" आणि गादीवरचा दुकानदार अनवाणी रस्त्यावर येऊन साडूंच्या गळ्यात पडला. एकाच बाकावरचे निघाले. मग गणिताच्या तासाला दोघं उन्हात मुर्गा कसे झाले होते, म्हणजे आपल्याकडचा कोंबडा, ते त्यांनी भर दुकानात करून दाखवलं. गिऱ्हाइकं थांबली, चहा आला, साड्या राहिल्या. शेवटी दुकानदारानं मला आदबीनं विचारलं, "और भाईसाहब, आप किस स्कूल के?" मी "फलटण, मग जत..." असं सुरू केलं. बार्शीपर्यंत पोचायच्या आत तो "अच्छा, अच्छा" म्हणून साड्यांकडे वळला. घरी येताना बायको मला म्हणाली, "कसला वास येतोय हो? काही जळतंय का?"

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी साडू मला ओढूनच शाळेत घेऊन गेले. धुकं विरून नुकतं ऊन पडलं होतं, फाटकाशी काळं मीठ लावलेले पेरू विकायला होते. मैदानात तरटाच्या पट्ट्या अंथरून त्यांच्या वर्गातली पन्नाशीची मुलं मांडी घालून बसली होती. दर वर्षी ती जमतात आणि त्यांचे हिंदीचे म्हातारे मास्तर, ज्यांना सगळे 'मास्साब' म्हणतात, हजेरी घेतात. हातात कागद नाही, सगळी नावं तोंडपाठ. मास्साब खुर्चीत शाल गुंडाळून बसले, डोळे मिटले आणि एकेक नाव घेऊ लागले. डॉक्टर, ठेकेदार, अमीनाबादचा दुकानदार, एकेक जण उठून "उपस्थित, श्रीमान" म्हणत होता. मी मागे बसून पेरू खात होतो आणि आतून इतका जळत होतो, की पेरूचं काळं मीठसुद्धा कळेना.

हजेरी संपली. मास्साबांनी डोळे उघडून विचारलं, "किसी का नाम छूटा तो नहीं?"

साडू उठले. "श्रीमान, एक छूटा है. नया दाखिला है." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मी अर्धा पेरू हातात घेऊन उभा राहिलो. मास्साबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "टी.सी. लाए हो?" टी.सी. म्हणजे आपला शाळा सोडल्याचा दाखला.

"श्रीमान, इनके पास तो ढेर हैं," साडूंनीच उत्तर दिलं. "बस, दाखिला कहीं टिका नहीं."

कोणी हसलं नाही. मास्साबांनी माझं नाव विचारलं, दोनदा पुटपुटून पाहिलं, मग डोळे मिटून पहिल्या नावापासून पुन्हा हजेरी सुरू केली. सगळे पुन्हा उठले, पुन्हा बसले. शेवटी माझं नाव आलं. हातातला पेरू पाठीमागे लपवून मी "उपस्थित, श्रीमान" म्हणालो. खाली बसलो आणि साडूंच्या कानाशी म्हणालो, "तुम्ही काय करून ठेवलंत हे?" एवढ्यात समोरून दणका आला, "ए, नए लड़के! हाज़िरी में बातें? खड़े हो जाओ, कान पकड़ो."

साठीला टेकलेला मी, बँकेचा मॅनेजर, भर मैदानात कान धरून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा माझी वर्तणूक वाईट ठरली होती. डोळे भरून आले, ते उन्हानं, असं मी नंतर बायकोला सांगितलं.

येत्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय, आम्ही सांगलीला परत जाणार. सामान बांधताना दाखल्यांची ती जुनी फाइल निघाली. साडू शेजारी बसून पुस्तकांच्या खोक्याला सुतळी बांधत होते. मी सहज म्हणालो, "आता तुमच्या शाळेचाही घ्यावा लागेल का हो एक?" त्यांनी मान वर केली नाही. "नाही मिळणार दादा," ते म्हणाले. "मास्साब टी.सी. देत नाहीत. नाव राहील तिथंच. तुमचा नंबर आला की मी 'उपस्थित' म्हणून देईन." मग बराच वेळ ते सुतळीची एकच गाठ मारत राहिले. मला त्यांचा अजून हेवा वाटतो. सांगलीला घंटा ऐकू येणार नाही, आणि त्यांना रोज ऐकू येईल.