डिशवर लागलेला निकाल

नांदगावात एके काळी वाल्मीकला आडनावाने कोणी ओळखत नसे. डिशवाला वाल्मीक, बस्स. त्यालाही ते आवडायचं, कारण पोरगं मुळातच मिरवण्याच्या हौसेचं. पत्र्यावर चढून छत्री फिरवायची, घरातल्यांना टीव्हीसमोर उभं करायचं आणि वरून ओरडायचं, "आलं का? आता? आता बघा!" चित्र आलं की खाली उतरून असे हात झटकायचे, जणू उपग्रह यानेच सकाळी आकाशात सोडलाय.

डिशसोबतचे ते रिसीव्हर तरी कसले! तासाभरात असे तापायचे की थंडीच्या दिवसांत घरातलं मांजर त्यावर मुक्कामाला असे. पण त्यांच्या रिमोटवर रंगीत बटणं होती. एक दाबलं की चित्र आक्रसून कोपऱ्यात जाई आणि बाकीच्या पडद्यावर अक्षरं उमटत. बाजारभाव, पावसाचा अंदाज, राशिभविष्य. भविष्य सगळ्यांत आधी उघडलं जाई, हे काही सांगायला नको. वाल्मीक मात्र या अक्षरांचा पक्का भक्त. "पेपरवाला चुकंल, सॅटेलाइट नाय चुकत," असं तो गिऱ्हाइकाला छातीठोक सांगे.

एका वर्षी कंपनीने बारावीचा निकालही त्या पडद्यावर द्यायला सुरुवात केली. निकालाच्या दिवशी गावातलं नेट कॅफे गर्दीने आणि नेटने मिळून बंद पाडलेलं. वाल्मीकचं दुकान बसस्टँडसमोर. त्याने बाहेर पाटी टांगली, 'इथे निकाल फुकट बघा', आणि दुपारपर्यंत दुकानात मुंगी शिरायला जागा उरली नाही. तो खुर्चीवर बसून नंबर दाबायचा आणि निकाल मोठ्याने पुकारायचा. त्या दिवशी त्याच्याइतका मोठा माणूस आख्ख्या तालुक्यात नव्हता, निदान त्याला तरी तसं वाटत होतं.

त्या सेवेत एक खोड होती. सगळ्या मुलांचे निकाल एकामागून एक, रहाटासारखे फिरत येत. आपण नंबर दाबला की वरच्या कोपऱ्यात तो लगेच दिसे, पण खालचा निकाल पाळी येईपर्यंत आधीच्याच पोराचा राही. थोडं थांबावं लागे. वाल्मीकला हे ठाऊक होतं. पण मागून पोरं खांद्यावर पडत होती, आणि मोठ्या माणसाला थांबायला कुठे वेळ असतो?

जवळच्या खेड्यातल्या पुंजातात्यांची हर्षाली पुढे आली. तिने नंबर लिहिलेला तळहात त्याच्यापुढे धरला. "दादा, नीट बघा हं. पास झाले तर तात्या डी.एड.ला पाठवणारेत. नाय झाले तर मनमाडचं स्थळ थांबलंय, त्यांना होकार कळवणार."

वाल्मीकने नंबर दाबला, पडद्यावर पाहिलं आणि पुकारलं, "नापास."

हर्षाली रडली नाही. "बरं," म्हणाली आणि गर्दीतून वाट काढत गेली. ती दाराबाहेर पडली असेल-नसेल, तोच पान बदललं. वर नंबर तिचाच. खाली पहिला वर्ग. आधीचा निकाल तिच्या आधीच्या पोराचा होता.

मागची पोरं आपापले नंबर घोकत होती. पाहिलं ते एकट्या वाल्मीकने. उठून एक हाक मारायची होती. पण हाक मारली असती तर आख्खी रांग म्हणाली असती, मग आमचेही चुकले असतील! आणि सॅटेलाइट चुकत नाही म्हणणाऱ्याने तोंड कुठे लपवायचं? त्याने घाईने पुढचा नंबर दाबला. शाळेत मार्कशीट येईलच की, तेव्हा कळेल तिला, अशी त्याने मनाची समजूत घातली. त्यानंतरचा प्रत्येक निकाल मात्र त्याने पान बदलेपर्यंत थांबून वाचला.

मार्कशीट आली तोवर मनमाडकरांबरोबर सुपारी फुटली होती. पुंजातात्या मार्कशीट घेऊन दुकानात आले.

"हे काय हे रं, वाल्मीक?"

"तात्या, वरूनच चुकीचं आलं. मी काय करणार?"

तात्यांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "शब्द दिलाय मी लोकांना," एवढंच म्हणाले आणि गेले.

पुढे वाल्मीक नाशकात आला. डिशचा धंदा बसत गेला, तसा तो कॅमेरे बसवू लागला. लग्न झालं, पोट सुटलं आणि मिरवणंही सुटलं. नवरा जन्मापासूनच अबोल आहे, अशी बायकोची समजूत. दर उन्हाळ्यात निकालाच्या दिवशी त्याला जेवण जात नाही. ऊन बाधलं म्हणून ती ताक करून देते, आणि हा ते मुकाट्याने पितो. काय सांगणार तिला?

यंदाच्या मे महिन्यात पाथर्डी फाट्याजवळच्या एका घरात तो कॅमेरा बसवायला गेला. काम संपवून उतरला, तर घरातली बाई त्याच्याकडे निरखून बघत होती. "दादा, तुम्ही नांदगावचे डिशवाले ना? मी हर्षाली. पुंजातात्यांची."

वाल्मीक घाईघाईने हत्यारं आवरू लागला. तिने मात्र आग्रहाने बसवून चहा दिला. मालक अंबडच्या कारखान्यात, ती बालवाडीत मदतनीस. "पोरांचे हात धुवायचे, डबे उघडून द्यायचे. शिकवायला बाई हायेत वेगळ्या," ती हसून म्हणाली. तिच्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना.

"तात्यांनी तुम्हाला मरेपर्यंत शिव्या घातल्या," ती सांगू लागली. "म्हणायचे, त्याला ठाऊक होतं, त्याच्या डोळ्यांत दिसलं मला. मी म्हणायचे, तात्या, ठाऊक असतं तर तो माणूस धावत आला नसता का? मी समोर स्टँडवरच तर बसले होते दुपारभर. घरी जायची हिंमत होईना."

वाल्मीकने तिला पाहिलं होतं. दुकानातून ती सरळ दिसत होती, मध्ये फक्त रस्ता होता. त्याने कप खाली ठेवला.

"ताई, मला ठाऊक होतं. तुम्ही गेलात आणि लगेच पान बदललं. पहिला वर्ग. तुम्ही स्टँडवर बसलेल्या पण दिसत होत्या. मी नाय आलो."

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. वाल्मीकने हात जोडले. "माफ करा मला," तो म्हणाला.

"शेवटच्या आजारपणात पण तात्या तेच बोलले," ती म्हणाली, जणू त्याचं काही ऐकलंच नव्हतं. "मी चिडले. म्हटलं, तात्या, आता तरी कुणावर आळ घेऊ नका, तुम्हीच घाई केली. तोंड फिरवून पडले, ते परत माझ्याशी बोललेच नाय." तिने त्याच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. "तुम्हाला मी करीन माफ, आज ना उद्या. मी तात्यांची माफी कुठं मागू?"